बारा फुटांसाठी जगभरचा प्रवास : एका घरातील बेबी मॉनिटरचे प्रकरण

हे प्रकरण आई, वडील आणि अकरा महिन्यांचे बाळ अशा तिघांच्या घरातले आहे. माझे काम संगणक-जाळ्यांच्या सुरक्षेचे आहे आणि या कुटुंबाशी जुनी ओळख असल्यामुळे घटना घडली त्याच दिवशी सकाळी मला बोलावणे आले. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत आणि आईवडिलांची संमती घेऊनच हे लिहीत आहे. बाळाची संमती घेणे शक्य नाही, म्हणून त्याच्याविषयी गरजेपुरतेच लिहिले आहे. उपकरण कोणत्या कंपनीचे होते हे सांगत नाही, कारण तपासणीत जे आढळले त्यातला बराचसा भाग त्या एका कंपनीपुरता नव्हता.

उपकरण आणि त्याची मांडणी

बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर त्याचा पाळणा शेजारच्या खोलीत हलवण्यात आला. दोन खोल्यांमध्ये एक भिंत आहे आणि आईच्या उशीपासून पाळण्यापर्यंतचे अंतर जेमतेम बारा फूट भरते. बाळ रडले तर ते ऐकू यावे, एवढीच मूळ गरज होती. ती भागवण्यासाठी जे उपकरण आणले गेले, ते मात्र वाय-फायवर चालणारा, मोटरने मान वळवणारा, अंधारात इन्फ्रारेड प्रकाशाने पाहणारा, दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोय असलेला आणि फोनवरच्या ॲपमधून जगात कुठूनही चालवता येणारा कॅमेरा होता.

ॲपवर एकच खाते उघडले गेले, आईच्या ईमेलवर. त्या खात्याचा पासवर्ड वडिलांकडे, दुसऱ्या गावी राहणाऱ्या आजीकडे आणि पहिले दोन महिने बाळाला सांभाळायला येणाऱ्या ताईंकडे होता. ताईंनी काम सोडून तीन महिने झाले होते. ॲपमध्ये प्रत्येकासाठी वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते देण्याची सोय होती, पण ती तीन पाने आत दडलेली होती. लहान बाळ असलेल्या घरात रात्री अकरा वाजता नवे उपकरण जोडणारा माणूस तीन पाने आत जात नाही. याचा दोष मी त्या आईवडिलांना देत नाही.

दोन रात्री

पहिल्या प्रसंगात काहीच नाट्य नव्हते. एके दिवशी सकाळी कॅमेऱ्याची मान पाळण्याऐवजी दाराकडे वळलेली दिसली. कोणाचा तरी धक्का लागला असेल, असे समजून आईने ती ॲपवरून पुन्हा वळवली.

त्यानंतर चौथ्या रात्री, पहाटे पावणेतीनच्या सुमारास, आई बाळाला पाजण्यासाठी त्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. ही खुर्ची कॅमेऱ्याच्या नेहमीच्या चौकटीत येत नाही आणि ती मुद्दामच तशी ठेवलेली होती. खोलीत मोटरचा बारीक घर्रर्र असा आवाज झाला आणि कॅमेऱ्याची मान हळूहळू पाळण्यावरून निघून तिच्यावर येऊन थांबली. काही क्षणांनी स्पीकरमधून टक् असा आवाज आला आणि पाठोपाठ कोणीतरी खोकले. वडील पलीकडे गाढ झोपलेले होते. आईने हातातले दुपटे कॅमेऱ्यावर टाकले आणि बाळाला घेऊन ती खोलीबाहेर आली.

पुढच्या तासाभरात वडिलांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, टाचणीने रिसेटचे बटण दाबून कॅमेरा मूळ स्थितीत आणला. हेतू योग्य होता, पण त्यामुळे कॅमेऱ्यातल्या साऱ्या नोंदी पुसल्या गेल्या. दुसरे म्हणजे, उजाडताच त्यांनी ताईंना फोन करून, तुम्ही आमच्या घरात पाहत होता का, असे सरळ विचारले. त्या दोन महिन्यांत ज्या बाईने बाळाला अंगाखांद्यावर वाढवले, तिला सकाळी सहा वाजता हा प्रश्न ऐकावा लागला. या प्रकरणात झालेल्या नुकसानीची मोजदाद करताना हा फोन मी त्यात धरतो.

निरुपद्रवी कारणांपासून सुरुवात

अशा तपासणीत आधी साधी कारणे तपासावी लागतात. मोटरने फिरणारा कॅमेरा वीज जाऊन आली की स्वतःची मान एकदा पूर्ण फिरवून पाहतो आणि ठरलेल्या मूळ दिशेला येऊन थांबतो. काही कॅमेरे हालचालीचा मागोवा घेत आपोआप वळतात. आजीच्या फोनवर चुकून बोट लागले असणे हीही एक शक्यता होती. जुन्या ॲनालॉग मॉनिटरमध्ये, विशेषतः ४९ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या संचांत, शेजारच्या घरातला आवाज आपल्या संचावर उमटत असे. पण वाय-फाय कॅमेऱ्याच्या बाबतीत ते घडत नाही. तिथे खोकला ऐकू आला, तर तो त्या कॅमेऱ्याशी जोडल्या गेलेल्या कोणाचा तरी असतो.

घरातला वाय-फाय पुरवणारा राउटर किती वेळ सलग चालू आहे ही नोंद पाहिली, तेव्हा तो पहिल्या प्रसंगाच्याच रात्री बंद पडून पुन्हा सुरू झाला होता असे दिसले. म्हणजे त्या रात्री घरातली वीज क्षणभर गेली होती आणि कॅमेऱ्याची मान दाराकडे वळणे हा त्याचाच परिणाम होता. दुसऱ्या रात्रीचे तसे नव्हते. मागोवा घेण्याची सोय बंद ठेवलेली होती, वीज गेलेली नव्हती आणि आजीचा फोन रात्री दहापासून वापरलाच गेला नव्हता.

पहिले दार : खाते

कॅमेऱ्यातल्या नोंदी गेल्या होत्या, तरी खात्यातल्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर शाबूत होत्या. खात्यावर लॉग इन असलेल्या फोनांची यादी उघडली, तेव्हा तीत पाच नावे दिसली. तीन फोन आई, वडील आणि आजी यांचे होते. चौथा ताईंचा होता आणि त्यावरून खाते शेवटचे वापरले गेले ते त्यांनी काम सोडले त्याच आठवड्यात. पाचवा फोन ज्या बनावटीचा होता, त्या बनावटीचा फोन या घरात कधी कोणाकडे नव्हता. त्याने पहिल्यांदा लॉग इन केल्याला एकोणीस दिवस झाले होते आणि तो शेवटचा वापरला गेला होता त्याच पहाटे, दोन वाजून छत्तीस मिनिटांनी. ही यादी वडिलांना दाखवली तेव्हा ते बराच वेळ चौथ्या ओळीकडे पाहत राहिले.

पाचव्या फोनवाल्याला पासवर्ड कसा मिळाला, हे शोधायला फारसा वेळ लागला नाही. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने २०१३ साली सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या सेवेवर, आपला ईमेल पत्ता चोरीला जाऊन फुटलेल्या कोणकोणत्या याद्यांमध्ये आहे ते पाहता येते. आईचा पत्ता एका जुन्या खरेदीच्या संकेतस्थळाच्या फुटलेल्या यादीत होता आणि तिथला पासवर्ड व कॅमेऱ्याच्या खात्याचा पासवर्ड एकच होता. फुटलेल्या याद्या हाती आल्या की त्यातली ईमेल व पासवर्डची एकेक जोडी इतर शेकडो सेवांवर यंत्रवत लावून पाहिली जाते, आणि जिथे कुलूप उघडते त्याची वेगळी यादी तयार होते. यात घराची निवड कोणी केलेली नसते. आईला वाटत होते तसा कोणी तिच्या मागावर नव्हता. तिच्या घराचे दार लाखो दारांबरोबर ढकलून पाहिले गेले आणि ते उघडे निघाले. हे ऐकून तिला काहीसा दिलासा मिळाला. मला स्वतःला मात्र यात दिलासा देण्यासारखे काही दिसत नाही.

द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा दुसरा संकेतांक, सुरू असती तर हे दार तिथेच अडले असते. सोय उपलब्ध होती, पण ती आपणहून सुरू करावी लागत होती. नव्या फोनवरून लॉग इन झाल्याची सूचना कंपनीने एकोणीस दिवसांपूर्वी ईमेलने पाठवली होती. ती जाहिरातींच्या कप्प्यात न वाचलेली सापडली.

दुसरे दार : राउटर

खात्याचे दार सापडल्यावर बहुतेक तपासण्या थांबतात, आणि ते चुकीचे आहे. राउटरवर यूपीएनपी ही सोय चालू होती. या सोयीमुळे घरातले कोणतेही उपकरण मालकाला न विचारता राउटरला सांगू शकते की, बाहेरून येणाऱ्यांसाठी माझ्यापर्यंतची एक खिडकी उघडून ठेव. या कॅमेऱ्याने तसे केले होते. थेट चित्रण देण्यासाठी वापरला जाणारा ५५४ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे तशीच एक खिडकी, बाहेरच्या जगासाठी उघडा होता. त्या वाटेने येणाऱ्याला खात्याचा पासवर्ड लागत नाही. त्याला कॅमेऱ्याचा स्वतःचा वेगळा पासवर्ड लागतो. तो कारखान्यात घातलेला होता, माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापलेला होता आणि तो अस्तित्वात आहे हेच घरात कोणाला ठाऊक नव्हते.

इंटरनेटला जोडलेली उघडी उपकरणे शोधून देणारे 'शोडान' हे शोधयंत्र २००९ पासून चालू आहे, त्यामुळे अशा खिडक्या शोधायला विशेष कौशल्य लागत नाही. २०१६ साली मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातल्या सुमारे साठ ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याच माऱ्याखाली संकेतस्थळांची नावे त्यांच्या पत्त्यांशी जुळवून देणाऱ्या डिन या कंपनीची सेवा कोलमडली आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. त्यात अशा घरगुती कॅमेऱ्यांचा वापर तोफेसारखा झाला आणि मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

या घरात दुसऱ्या दारातून कोणी आले होते का? राउटर अशा जोडण्यांची नोंद ठेवत नव्हता आणि कॅमेऱ्यातली नोंद रिसेटमध्ये गेली होती. याचे उत्तर आता कोणालाही देता येणार नाही. म्हणून अशा प्रसंगी मी आग्रहाने सांगतो की, आधी कॅमेऱ्यावर कापड टाकावे किंवा त्याची वीज काढावी, लॉग इनची यादी, राउटरवरची पोर्टची नोंद आणि फर्मवेअरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ सॉफ्टवेअरचा, क्रमांक यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि रिसेटच्या बटणाला त्यानंतरच हात लावावा.

जे दार घरातून दिसतच नाही

समजा, पासवर्ड वेगळा असता, दुसरा संकेतांक चालू असता आणि यूपीएनपी बंद असते, तरी घर पूर्ण सुरक्षित झाले असते का? दुर्दैवाने तसे म्हणता येत नाही, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१२ च्या जानेवारीत ट्रेंडनेट या कंपनीच्या जवळपास ७०० कॅमेऱ्यांचे थेट चित्रण इंटरनेटवर उघड झाले. त्यात पाळण्यात झोपलेली बाळेही होती. दोष कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. मालकाने चित्रण खासगी ठेवण्याची निवड केली असली, तरी ते पासवर्डशिवाय पाहता येत होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ साली या प्रकरणात कारवाई केली आणि पुढची २० वर्षे बाहेरच्या तपासनीसांकडून सुरक्षेची तपासणी करून घेण्याचे बंधन कंपनीवर आले. २०१५ साली रॅपिड सेव्हन या संस्थेच्या संशोधकांनी नऊ व्हिडिओ बेबी मॉनिटर तपासले, तेव्हा त्यांना तोवर उघड न झालेल्या दहा त्रुटी सापडल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मँडियंट या कंपनीने थ्रूटेक या पुरवठादाराच्या कॅले या जोडणी-व्यवस्थेतील गंभीर दोष जाहीर केला. त्या व्यवस्थेवर त्या वेळी ८ कोटी ३० लाखांहून अधिक उपकरणे चालत होती आणि त्यांत बेबी मॉनिटरही होते. खोक्यावर मात्र थ्रूटेकचे नाव नसते, त्यामुळे आपला कॅमेरा त्यांत येतो की नाही, हे ग्राहकाला कळण्याचा मार्गही नव्हता.

या घरातल्या कॅमेऱ्याचे चित्रण कोणत्या वाटेने जाते हे मी मोजून पाहिले. आईने पलंगावर पडल्यापडल्या फोनवर बाळ पाहिले, की ते चित्र पाळण्यापासून राउटरकडे, तिथून दुसऱ्या खंडातल्या सर्व्हरवर आणि तिथून परत तिच्या हातातल्या फोनवर येत होते. काही वेळा दोन उपकरणे थेट जोडली जातात. पण थेट जोडणी जमली नाही, तर मधला सर्व्हर लागतो आणि इथे बहुतेक वेळा तो लागत होता. बारा फुटांच्या गरजेसाठी चित्र हजारो किलोमीटर फिरून येत होते. वर सांगितलेले प्रत्येक दार या लांबच्या वाटेवरचे आहे. भिंतीपलीकडे ऐकण्यासाठी यातले एकही दार लागत नाही.

पहिल्यावहिल्या बेबी मॉनिटरची इथे आठवण होते. झेनिथ कंपनीचा 'रेडिओ नर्स' हा संच १९३७ साली आला आणि त्याची आकृती इसामु नोगुची या शिल्पकाराने घडवली होती. अमेरिकी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या बाळाच्या १९३२ मधील अपहरणाने पसरलेल्या भीतीतून तो जन्माला आला. त्याचा आवाज घरातल्याच विजेच्या तारांमधून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात असे. बाहेरच्याचे भय हेच त्या यंत्राचे मूळ होते, हे लक्षात घेतले, तर आजच्या यंत्राने बाहेरच्याला थेट खोलीत आणावे हे फार क्लेशदायक वाटते.

काय पाहिले गेले, काय ऐकले गेले

आईवडिलांनी कंपनीला लेखी पत्र पाठवून खात्याच्या वापराच्या नोंदी मागितल्या. उत्तर अकराव्या दिवशी आले. एकोणीस दिवसांत त्या पाचव्या फोनवरून कॅमेरा नऊ वेळा उघडला गेला होता, बहुतेकदा मध्यरात्रीनंतर. पहिल्या प्रसंगाची रात्र त्या नऊमध्ये नव्हती. याचा अर्थ असा, की जे आईच्या पहिल्यांदा नजरेस आले ते निरुपद्रवी होते, आणि जे घातक होते त्याने आधीच्या आठ वेळा कोणतीच खूण सोडली नाही. नवव्या वेळी त्या माणसाने मान वळवली आणि बोलण्याचे बटण दाबले, म्हणून ते उघडकीस आले. तो नुसता पाहत राहिला असता, तर एकोणीसचे एकशे नव्वद दिवस व्हायला काहीच अडचण नव्हती. 'आपल्याकडे काही विचित्र घडलेले नाही' हे अनेक घरांत ऐकायला मिळणारे वाक्य त्यामुळे पुरावा म्हणून धरता येत नाही.

जोडणी भाड्याने मिळणाऱ्या एका सर्व्हरमधून झालेली असल्याने माणसाचा माग तिथेच तुटला. पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार नोंदवली आहे आणि सर्व नोंदी तिला जोडल्या आहेत.

चित्रापेक्षा आवाजाचा विचार लोक कमी करतात. बाळाच्या खोलीत मोठी माणसे बोलतात, पाजताना फोनवर बोलतात, बँकेचे संकेतांक मोठ्याने वाचून दाखवतात, कोणत्या दिवशी घर बंद असणार आहे हेही बोलतात. आईने कागद घेऊन त्या एकोणीस दिवसांत खोलीत काय काय बोलले गेले असेल ते आठवून लिहिले आणि त्यावरून दोन पासवर्ड व एका बँक खात्याची व्यवस्था बदलली. हे काम कंटाळवाणे होते, पण ते तिने पूर्ण केले. अशा प्रसंगात याहून उपयुक्त गोष्ट मी क्वचितच पाहिली आहे.

नंतरची मांडणी

खात्याचा पासवर्ड नवा आणि फक्त त्यासाठीच वेगळा ठेवला, सर्व फोन एकदम बाहेर काढले, द्विस्तरीय पडताळणी सुरू केली, यूपीएनपी बंद केले, उघडा पोर्ट मिटवला आणि कॅमेऱ्याचे फर्मवेअर अद्ययावत केले. ते दोन वर्षे जुने होते. हे सर्व एका दुपारी झाले. त्यानंतर, हा कॅमेरा त्या खोलीत पुन्हा लावायचा का, या प्रश्नावर दोघांमध्ये बरीच चर्चा झाली. वडिलांचे म्हणणे होते की, आता सारे नीट केले आहे. आईचे म्हणणे होते की, नीट केलेल्या गोष्टी आपल्याला दिसणाऱ्या दारांपुरत्या आहेत. मी आईच्या बाजूने होतो.

खोलीत आता इंटरनेटशी संबंध नसलेला, फक्त आवाज पोहोचवणारा डिजिटल संच आहे. तोही रेडिओलहरींवरच चालतो आणि पूर्णपणे अभेद्य म्हणावा असा कोणताच संच नसतो. पण तो चोरून ऐकायचा, तर माणसाला घराच्या आसपास यावे लागते. तो लावताना जाता जाता एक चूक सुधारली. जुन्या कॅमेऱ्याची वायर पाळण्याच्या कठड्यावरून गेलेली होती. बाळाच्या गळ्याभोवती वायर अडकण्याचा धोका लक्षात घेऊन ती पाळण्यापासून किमान तीन फूट लांब असावी लागते.

आजीचा प्रश्न वेगळा होता. त्यांना नातवंड रोज पाहायचे होते आणि ती गरज खरोखर लांब अंतराची होती. त्यांच्यासाठी संध्याकाळी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल होतो. त्यात पाहणारा आणि दिसणारा दोघेही एकमेकांसमोर असतात, आणि कॉल संपला की पाहणे संपते. पहिले काही दिवस त्यांना हे जड गेले, कारण बाळ झोपलेले असताना नुसते पाहत बसण्याची त्यांना सवय झाली होती.

कायद्याची पावले उशिराने पण पडत आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व उपकरणांना एकच सोपा पासवर्ड घालून विकण्यावर बंदी आली आहे, आणि युरोपीय संघात १ ऑगस्ट २०२५ पासून रेडिओ उपकरणांना लागू झालेल्या सायबर सुरक्षेच्या अटींमध्ये बालसंगोपनाच्या उपकरणांचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र आधीच घराघरांत लागलेली जुनी उपकरणे या नियमांमुळे आपोआप सुधारत नाहीत.

कंपनीने साठवलेले चित्रण पुसल्याचे लेखी कळवले आहे. त्या नऊ वेळांत कोणी त्याची प्रत करून ठेवली का, हे कळणार नाही, आणि आईवडिलांनी ते तसेच मान्य केले आहे. ताईंना मात्र वडिलांनी या वेळी फोन केला नाही. ते स्वतः त्यांच्या घरी गेले आणि लॉग इनच्या यादीचा छापील कागद, चौथ्या ओळीवर खूण करून, त्यांच्या हातात दिला.